मर्यादित रक्कम, जुनी गाडी आणि येऊ घातलेले बाळ

पुरस्कर्ता : घरात बाळाची चाहूल लागली की मोटारीचा विषय निघतो आणि लगेच हौस की गरज असा वाद सुरू होतो, परंतु महाराष्ट्रातील बहुतेक शहरांत मध्यमवर्गीय कुटुंबापुढचा प्रत्यक्ष पर्याय मोटार की दुचाकी असा असतो, हे आधी लक्षात घेतले पाहिजे. केंद्र शासनाने फेब्रुवारी २०२२ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून चार वर्षांखालील मुलाला दुचाकीवर नेताना त्याला चालकाशी बांधून ठेवणारा पट्टा, नऊ महिन्यांवरील मुलासाठी मापाचे शिरस्त्राण आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा आवश्यक ठरवली आणि वर्षभराने ही तरतूद अमलात आली. नऊ महिन्यांखालील बाळासाठी या नियमात शिरस्त्राण सांगितलेले नाही, आणि सांगता येणेही कठीण आहे, कारण त्या वयाची मान शिरस्त्राणाचे वजन पेलू शकत नाही. म्हणजे नवरा-बायकोच्या मध्ये दुपट्यात गुंडाळलेले बाळ स्कूटरवरून नेण्याची जी सर्रास पद्धत आहे, तिला पुरेसे सुरक्षित करण्याचा मार्गच उपलब्ध नाही. अशा स्थितीत पाच लाख रुपयांच्या आसपास तरतूद असलेल्या कुटुंबाने पाच ते सात वर्षे वापरलेली, पण बांधणीने मजबूत अशी मोटार बाळाच्या जन्मापूर्वी घ्यावी, हे प्रतिपादन चैनीच्या बाजूने नसून निकडीच्या बाजूने आहे.

संशयी : दुचाकीविषयीचा आक्षेप पूर्णपणे मान्य केला, तरी त्यातून मोटार विकत घ्यावी हा निष्कर्ष आपोआप निघत नाही, आणि ‘जन्मापूर्वी’ ही अट तर मुळीच निघत नाही. पहिले बाळंतपण माहेरी होण्याची रीत आजही अनेक घरांत पाळली जाते. बाळ-बाळंतीण दोन-तीन महिने तिकडे असताना सासरच्या इमारतीखाली उभी असलेली गाडी केवळ हप्ता आणि विमा खाते. शासकीय रुग्णालयात प्रसूती होणार असेल, तर जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून गर्भवतीला आणि आजारी नवजाताला मोफत वाहनसेवा देय आहे. याहून गंभीर मुद्दा रोख रकमेचा आहे. वैयक्तिक आरोग्यविम्यात प्रसूतीचा खर्च मिळायचा असेल तर आधी ठरावीक प्रतीक्षाकाळ जावा लागतो, आणि तो बहुधा गर्भारपणाहून मोठा असतो. त्यामुळे सिझेरियन झाले किंवा बाळाला नवजात अतिदक्षता विभागात ठेवावे लागले, तर तो खर्च बचतीतूनच भागवावा लागतो. नेमक्या त्याच तिमाहीत बचत गाडीत अडकवणे हा जोखमीचा निर्णय आहे. शिवाय प्रसूतीची तारीख डोक्यावर असलेला ग्राहक घासाघीस करत नाही, चार गाड्या पाहत नाही, आणि विक्रेत्याला हे पहिल्या पाच मिनिटांत कळते.

पुरस्कर्ता : तारखेच्या दडपणाविषयीचा आक्षेप रास्त आहे आणि तो मान्य करून प्रतिपादन सुधारता येते : खरेदीची मुदत प्रसूतीची तारीख नसून बाळ सासरी परतण्याची तारीख असावी. पण त्यानंतरच्या गरजेला भाड्याचे वाहन पुरे पडते, हे मान्य करता येत नाही. राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रकानुसार जन्मानंतर सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात आणि पुढे नवव्या महिन्यात बाळाला नेणे ठरलेलेच असते, त्यात अवेळी येणाऱ्या तापाच्या फेऱ्या मिळवाव्या लागतात. रिक्षात बाळाचे आसन बांधायला पट्टाच नसतो आणि ॲपवरून बोलावलेल्या मोटारीत मागच्या आसनाचे पट्टे अनेकदा आच्छादनाखाली दडपलेले असतात. स्वतःच्या गाडीचा अर्थ येथे मालकी असा नसून, एकदा नीट बांधलेले आसन रोज त्याच जागी मिळण्याची हमी असा आहे. आता गाडी कोणती, याचे उत्तर पूर्वी केवळ ऐकीव माहितीवर देता येत असे. तशी स्थिती राहिलेली नाही. ग्लोबल एनकॅप या संस्थेने २०१४ पासून भारतीय गाड्यांच्या धडक-चाचण्या जाहीर केल्या, तेव्हा त्या काळच्या लोकप्रिय लहान गाड्यांना शून्य तारे मिळाले; डिसेंबर २०१८ मध्ये टाटा नेक्सॉन ही पाच तारे मिळवणारी पहिली भारतीय बनावटीची गाडी ठरली, २०२० मध्ये अल्ट्रोझ आणि महिंद्रा एक्सयूव्ही ३०० यांनी तीच श्रेणी गाठली, आणि ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही शासकीय, पण ऐच्छिक चाचणी योजना सुरू झाली. २०१९ ते २०२० दरम्यान बनलेल्या या गाड्या आज जुन्या बाजारात आहेत आणि ज्यांच्याकडे नवी मजबूत गाडी घेण्याइतके पैसे नाहीत त्यांच्या आवाक्यात आल्या आहेत. जुन्या गाडीची बाजू घेण्याचे कारण हेच आहे.

संशयी : तारे हा पुरावा आहे, पण तो कशाचा पुरावा आहे हे काटेकोरपणे पाहिले पाहिजे, विशेषतः प्रश्न बाळाचा असल्यामुळे. या चाचण्यांत प्रौढ प्रवाशांची आणि बालप्रवाशांची श्रेणी वेगवेगळी दिली जाते, आणि जाहिरातीत मिरवली जाते ती बहुधा पहिली. आपण उल्लेखिलेल्या नेक्सॉनला २०१८ मध्ये प्रौढांसाठी पाच तारे मिळाले तेव्हा मुलांसाठी तीनच मिळाले होते. अल्ट्रोझची स्थिती तीच होती. एक्सयूव्ही ३०० ला मुलांसाठी चार मिळाले. मारुतीच्या विटारा ब्रेझाला प्रौढांसाठी चार आणि मुलांसाठी दोन, तर २०१९ च्या वॅगनआरला दोन्हींत दोनच. म्हणजे बाळासाठी गाडी निवडताना पाच आणि दोन यांतील दरी वाटते तेवढी रुंद नाही. ती बहुधा तीन आणि दोन यांतील आहे. दुसरे असे की नाव तेच राहते आणि गाडी बदलते : नेक्सॉनला २०२४ मध्ये मुलांसाठीही पाच तारे मिळाले, पण ते नव्या बांधणीच्या गाडीला आणि अधिक कडक केलेल्या निकषांवर, २०१९ ची गाडी विकणारा ते तारे उसने घेऊ शकत नाही. तिसरे असे की समोरून होणाऱ्या धडकेची ही चाचणी ताशी ६४ किलोमीटर वेगाने, गाडीचा समोरचा काही भागच अडथळ्यावर आदळवून होते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाट भागात मोटारींची वेगमर्यादा ताशी १०० आहे, आणि गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने त्या वेगात चाचणीच्या जवळजवळ अडीचपट ऊर्जा असते. सर्वांत निर्णायक बाब मात्र वेगळीच आहे. तारे कारखान्यातून नुकत्याच निघालेल्या नमुन्याला मिळतात. जुनी गाडी घेणारा मॉडेल विकत घेत नाही. सहा पावसाळे काढलेली आणि कदाचित एकदा ठोकलेली अशी एक विशिष्ट गाडी विकत घेतो.

येथे संवादाचे वळण नोंदवून ठेवण्यासारखे आहे. ‘कोणते मॉडेल’ हा प्रश्न चर्चेत सोपा असतो, कारण त्याची उत्तरे तक्त्यात मिळतात. ‘ही गाडी’ हा प्रश्न मात्र प्रत्येक खरेदीदाराला नव्याने सोडवावा लागतो, आणि मराठी नियतकालिकांतील वाहनविषयक लेखन पहिल्यावर जितके बोलते त्याच्या अंशानेही दुसऱ्यावर बोलत नाही.

पुरस्कर्ता : विशिष्ट गाडीची परीक्षा अवघड आहे, पण अशक्य नाही, आणि तिची पद्धत सांगता येते. मीटरवरचा किलोमीटरचा आकडा मागे फिरवता येतो, म्हणून तो पुरावा मानू नये; अधिकृत सेवाकेंद्रातील दुरुस्तीच्या नोंदी, स्टिअरिंग आणि क्लच-ब्रेकच्या पॅडलांवरची झीज आणि टायरचे वय यांच्याशी तो ताडून पाहावा. टायरच्या बाजूवर कोरलेले शेवटचे चार अंक निर्मितीचा आठवडा आणि वर्ष सांगतात. चाळीस हजार किलोमीटर चाललेली म्हणून दाखवलेल्या गाडीला तिसऱ्यांदा टायर बदललेले असतील तर प्रश्न विचारलाच पाहिजे. काचांवरही निर्मितीवर्षाचा संकेत असतो, आणि एकच काच इतरांपेक्षा नंतरची निघाली तर त्या बाजूने काहीतरी घडले आहे. बॉनेट उघडून बोल्टांच्या डोक्यांवरचा रंग खरवडलेला आहे का ते पाहावे. पुढच्या चाकांच्या वरचा आतील पत्रा, ज्याला मेकॅनिक ‘एप्रन’ म्हणतात, आणि दारांमधले खांब, म्हणजे ‘पिलर’, यांवरची वेल्डिंग कारखान्याची एकसारखी आहे की हाताने केलेली, हे तर पाहिलेच पाहिजे, कारण धडकेची ऊर्जा वाहून नेण्याचे काम याच भागांचे असते. दाराला पोचा पडून रंग दिलेला असेल तर ती किमतीची बाब आहे, पिलर ठोकून सरळ केलेला असेल तर तो गाडी नाकारण्याचा मुद्दा आहे. महाराष्ट्रात पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाडीची शंका नेहमी बाळगावी लागते : २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर आणि पुणे, २०२१ मध्ये चिपळूण येथे पाण्याखाली गेलेल्या गाड्यांपैकी काही स्वच्छ होऊन दूरच्या बाजारात गेल्या असण्याची शक्यता गृहीत धरूनच पाहणी करावी. त्यासाठी मागच्या आसनाचा पट्टा शेवटपर्यंत ओढून त्यावर गाळाची रेघ आहे का, आसनांच्या रुळांना आतून गंज आहे का, गालिच्याखाली ओलसर वास आहे का, हे तपासता येते. एअरबॅगला आदेश देणारे यंत्र बहुधा मधल्या भागात, जमिनीलगत बसवलेले असते आणि पाणी तेथे सर्वांत आधी पोहोचते. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा क्षणभर लागून विझला पाहिजे. तो मुळी लागलाच नाही, तर बिघाड लपवण्यासाठी तो तोडलेला असू शकतो.

कागदपत्रांची परीक्षा याहून सोपी आहे. नोंदणी प्रमाणपत्रावर बँकेचा बोजा असेल तर तो उतरवल्याचा नमुना ३५, मालकी बदलाचे नमुना २९ आणि ३०, गाडी परराज्यातील असेल तर नमुना २८ म्हणजे ना-हरकत प्रमाणपत्र, थकीत ई-चलन, आणि १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या नोंदणीची असेल तर उच्च सुरक्षा नोंदणी पट्टी, एवढे पाहिले की पुरते. दिल्ली परिसरात जुन्या डिझेल गाड्यांवर निर्बंध असल्याने तेथील गाड्या स्वस्तात महाराष्ट्रात येतात. त्यांचा मोह टाळावा, कारण येथे पुन्हा कर भरावा लागतो. शहरात जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या कुटुंबाने २०२० नंतरची डिझेल गाडी तर घेऊच नये : तिच्या धुराड्यातील काजळी अडवणारी गाळणी स्वच्छ होण्यासाठी सलग वेगाने धावणे लागते, आणि दवाखान्याच्या दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत ती तुंबते. विम्याबाबत एक गोष्ट वारंवार विसरली जाते. गाडीसोबत तृतीय पक्षाचे संरक्षण नव्या मालकाकडे आपोआप जाते, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचे संरक्षण मिळवण्यासाठी चौदा दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करावा लागतो, आणि दावा न केल्याची सवलत ही जुन्या मालकाची असते, गाडीची नव्हे.

संशयी : ही पद्धत योग्य आहे, पण ती ज्याला अवगत आहे अशा माणसासाठी. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात, ज्याच्या विचारासाठी त्यांना पुढे २००१ चे नोबेल मिळाले, जुन्या मोटारींच्या बाजाराचेच उदाहरण घेतले होते : विक्रेत्याला गाडीची खरी स्थिती माहीत असते, ग्राहकाला नसते, म्हणून ग्राहक सरासरी किंमतच देऊ करतो, त्या किमतीला चांगल्या गाडीचा मालक विकायला तयार होत नाही, आणि बाजारात वाईट गाड्यांचे प्रमाण वाढत जाते. आपण सांगितलेली प्रत्येक तपासणी ही माहितीची दरी कमी करते, पण ती शून्य करत नाही. उलट नव्या गाडीचा इतिहास शून्य असतो, ही तिची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल गाड्यांवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे नवी लहान हॅचबॅक आणि मोठी जुनी गाडी यांच्या किमतींतील अंतर आटले आहे. आणि नव्या गाडीत किमान साधने कायद्यानेच मिळतात : चाके घसरू न देणारी ब्रेक-प्रणाली एप्रिल २०१९ पासून, चालकाची एअरबॅग आणि पट्ट्याचा इशारा जुलै २०१९ पासून, आणि पुढच्या सहप्रवाशाची एअरबॅग २०२२ च्या आरंभापासून सर्वच मोटारींत. ताऱ्यांऐवजी ही तारखांची शिडी वापरली, तर सामान्य माणसाला मेकॅनिकशिवायही निर्णय घेता येतो.

पुरस्कर्ता : तारखांची शिडी मोलाची आहे, आणि ती जुन्या गाडीलाही लावता येते : जुलै २०१९ पूर्वीची गाडी बाळासाठी विचारातच घेऊ नये आणि शक्यतो २०२२ नंतरची घ्यावी, असा नियम काढता येईल. पण साधन आणि सांगाडा या वेगळ्या गोष्टी आहेत. सांगाडा दबून प्रवाशाच्या जागेत घुसला तर एअरबॅग तो रोखत नाही. बाळाचे आसन ज्यावर टेकते ते मागचे बाक, ज्या लोखंडी कड्यांना ते अडकते त्या कड्या, ज्यांना आयसोफिक्स म्हणतात, आणि ज्या खांबाला पट्टा जोडलेला असतो तो खांब, हे सारे सांगाड्याचे भाग आहेत.

संशयी : आपण आता मूळ मुद्द्यावर आलात, आणि तो गाडीचा नाही. आपल्याकडे बाळ आसनात नसतेच. ते आजीच्या किंवा आईच्या मांडीवर असते आणि तीच जागा सर्वांत सुरक्षित समजली जाते. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाच्या एक-दशांशात थांबली, तर चार किलोच्या बाळाला धरून ठेवायला सरासरी छप्पन्न किलो वजन उचलण्याइतके बळ लागते, आणि ते कोणत्याही पूर्वसूचनेशिवाय. कितीही मायेचे हात असले तरी ते पुरे पडत नाहीत. आईने स्वतः पट्टा लावलेला नसेल, तर तिच्या शरीराचा भार बाळावर येतो. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ झालेल्या ज्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला, त्यात गाडी महागडी आणि सुरक्षिततेबद्दल नावाजलेली होती. ते मागच्या आसनावर होते आणि पोलिसांच्या माहितीनुसार त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा प्रशासनाच्या अंदाजानुसार योग्य बालआसनामुळे मोटारीतील एक वर्षाखालील बाळांचा मृत्यूचा धोका सुमारे ७१ टक्क्यांनी घटतो. आपल्या मोटार वाहन कायद्यातही २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९४ ब आले, आणि चौदा वर्षांखालील मूल पट्ट्याविना किंवा बालआसनाविना नेल्यास एक हजार रुपये दंड ठेवला गेला. जर एवढा मोठा फरक आसनामुळे पडत असेल, तर तीन तारे की दोन तारे यासाठी लाखभर रुपये जास्त मोजणे आणि नंतर पैसे उरले नाहीत म्हणून आसनच न घेणे, हा क्रम उलटा आहे. तो आज घराघरांत घडतो आहे.

पुरस्कर्ता : हा क्रम उलटा आहे यात शंका नाही, आणि म्हणून गाडी पाहायला जाताना आसन आधी घेऊन सोबत न्यावे, असे सांगणे योग्य ठरेल. तान्ह्या बाळाचे आसन गाडीच्या मागच्या दिशेला तोंड करून बसवायचे असते, कारण धडकेच्या वेळी बाळाचे मोठे डोके आणि दुबळी मान यांना आसनाची पाठ आधार देते. युरोपातील नव्या मानकानुसार किमान पंधरा महिन्यांपर्यंत ते तसेच ठेवावे लागते, आणि चालू एअरबॅगच्या समोर ते कधीही ठेवता येत नाही. असे आसन बरीच जागा घेते. लहान गाडीत ते बसवले की पुढची सीट इतकी पुढे सरकवावी लागते की उंच माणसाचे गुडघे डॅशबोर्डला टेकतात. काही गाड्यांत पट्टा आखूड पडतो, आणि काही जुन्या गाड्यांत मागच्या मधल्या जागेला केवळ कमरेचा पट्टा असतो, जो बहुतेक आसनांना चालत नाही. डिकीत सीएनजीची टाकी असेल तर बाबागाडी कोठे ठेवायची हाही प्रश्न उरतो; आणि त्या टाकीची दर तीन वर्षांनी होणारी दाब-चाचणी झाली आहे का, हेही पाहावे लागते. म्हणजे आसन महत्त्वाचे मानले तरी प्रश्न परत गाडीच्या आकाराकडे आणि सांगाड्याकडे येतो. मात्र आसन जुने घेऊ नये. ते आधी एखाद्या अपघातात सापडले होते का, हे बाहेरून कळत नाही.

संशयी : आसनाला लावलेला हा निकष गाडीला का लावू नये? त्याच्या इतिहासाची खात्री नाही म्हणून जुने आसन नाकारायचे, आणि ज्या सांगाड्याला ते बांधायचे त्याचा इतिहास मात्र टायर आणि काचांवरून अनुमानाने ठरवायचा, यात विसंगती आहे.

पुरस्कर्ता : विसंगती आहे, हे मान्य करावे लागते. फरक एवढाच की नवे आसन बहुतेकांना परवडते आणि नवी मजबूत गाडी परवडत नाही. अनुमान हा नाइलाजाचा मार्ग आहे, आणि परीक्षेसाठी अनुभवी मेकॅनिकला दिलेले पैसे हा गाडीच्या किमतीचाच भाग समजला पाहिजे.

संशयी : नाइलाज असेल, तर त्याची व्याप्ती तरी मोजावी. पुण्या-नाशकात राहणाऱ्या कुटुंबाच्या गाडीचे बहुतांश किलोमीटर गर्दीच्या रस्त्यांवर, ताशी वीस-तीसच्या वेगाने जातात. तेथे पट्टा आणि आसन असेल तर साधी लहान गाडीही पुष्कळ संरक्षण देते. ताऱ्यांचा खरा कस लागतो तो वर्षातून दोन-तीन वेळा, गणपतीला मुंबई-गोवा महामार्गाने कोकणात किंवा दिवाळीला गावी जाताना. तान्हे बाळ आसनात तासन्‌तास ठेवू नये, दर दोन तासांनी थांबून त्याला बाहेर काढावे, असा सल्ला दिला जातो. म्हणजे तो प्रवास पहिल्या वर्षी तसाही टाळण्याजोगा असतो. त्या दोन प्रवासांसाठी रेल्वे वापरली आणि उरलेल्या पैशांची सहा महिन्यांच्या खर्चाइतकी शिल्लक ठेवली, तर आई नोकरीवर लगेच परतू शकली नाही तरी घर चालते. बाळाच्या सुरक्षिततेत ही शिल्लकही मोजली पाहिजे, आणि तिला कोणतीही संस्था तारे देत नाही.

पुरस्कर्ता : रेल्वे रत्नागिरीपर्यंत नेते, तेथून वाडीपर्यंतचे पंचवीस-तीस किलोमीटर भाड्याच्या वाहनात, आसनाविना, घाटवळणांवरून जावे लागतात, आणि टाळलेला धोका तेथे पुन्हा हजर होतो. शिवाय गाडी एका वर्षासाठी घेतली जात नाही. बाळ तीन वर्षांचे होईल तेव्हा तेच कुटुंब त्याच गाडीने त्याच महामार्गावर असेल, आणि गाडी तेव्हा बदलता येण्याची शक्यता फार कमी असेल. सर्वाधिक वेळा ज्या रस्त्याने जायचे त्याच्यासाठी गाडी घ्यावी, की ज्या रस्त्यावर चूक सर्वाधिक महाग पडते त्याच्यासाठी? पहिला पक्ष घेतला तर शिल्लक राहते, दुसरा घेतला तर सांगाडा मिळतो, आणि पाच लाखांत दोन्ही पुरेशा प्रमाणात मिळत नाहीत.

संशयी : मिळत नाहीत. म्हणूनच कोणत्याही गाडीचे नाव घेण्याआधी त्या कुटुंबाला दोन आकडे विचारले पाहिजेत : वर्षातील किती किलोमीटर ताशी साठच्या वर जातात, आणि गाडी घेतल्यावर खात्यात किती महिन्यांचा खर्च उरतो. पहिला आकडा मोठा आणि दुसरा लहान असलेल्या घराला काय सांगावे, याचे उत्तर मात्र या पक्षाकडेही नाही.